बँकेतून चिल्लर आणून नाणी शोधावी की सरळ विकत घ्यावी?

खारपाणपट्टा
नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर मास्तर आहे. सव्वा वर्षापूर्वी पाचवीच्या पोरांना 'आपली नाणी' शिकवताना सालाखालची खूण दाखवली आणि तेव्हापासून मलाच तो नाद लागला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सालाखाली हिरा असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, बारीक गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं.

मी ध्येय लहानच ठेवलं: १९९२ ते २००४ चा कणसाचा स्टीलचा रुपया, प्रत्येक सालाचा, प्रत्येक टांकसाळीचा, जितका मिळेल तितका. महिन्यातून एकदोन शनिवारी तालुक्याच्या बँकेतून दोन हजारांची चिल्लर उचलायची, रात्री जेवणं झाली की सतरंजीवर ओतायची, निवडायची, उरलेली गावातल्या दुकानदारांना द्यायची, तरीही उरली तर बँकेत परत. आजवर बरीच घरं भरली. नऊ घरं काही केल्या भरत नाहीत, त्यात सहा ठिपक्याची आहेत.

परवा अकोल्याला एका व्यापाऱ्याकडे सहज गेलो. माझ्या नऊपैकी सात नाणी त्याच्याकडे बरणीत पडलेली! सातांचे मिळून दीडशे सांगितले. मी घेतली नाहीत. घरी येऊन सौ.ला सांगितलं तर म्हणते, "सव्वा वर्षात गाडीत पेट्रोल किती घातलं त्याचा हिशोब करा आधी."

तर प्रश्न असा: शोधूनच जमवावं, की शोधाशोधीचा हट्ट सोडून विकत घ्यावं? तुम्ही काय करता?

वऱ्हाडी_ठेचा
गुरुजी, वहिनी बराबर हायेत. धागा बंद करा.

बंदा_रुपया
सतरा वर्षं जमवतो आहे, म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विकत घ्या. तुम्ही शोधता ती नाणी वीस-तीस वर्षं खिशाखिशातून घासून आलेली. कणसाचे दाणे सपाट, कडा बोथट. व्यापाऱ्याकडे तेच नाणं टांकसाळीतून आजच निघाल्यासारखं मिळतं. संग्रह म्हणजे दर्जा. घासलेली दोनशे नाणी म्हणजे संग्रह नाही, गल्ला आहे.

दुसरं असं की आपल्याकडे चिल्लरीत मिळून मिळून काय मिळणार? बाहेर देशात लोक थैल्या उपसतात कारण तिथे अजून चांदी निघते. आपल्या चलनातली चांदी चाळीसच्या दशकातच आटली. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी, १९४७ चा तर नुसत्या निकेलचा. तुमच्या दोन हजारांच्या चिल्लरीत दोन हजारच आहेत, वर एक पैसा नाही.

गल्लेवाला
"संग्रह नाही, गल्ला आहे" 😀 हे माझ्या आयडीवर होतं का?

माझं किराणा दुकान आहे, मेहकरकडे. गुरुजींसारखा एक तरी गिऱ्हाईक मला द्या हो. आमच्याकडे दहाचा डॉलर, म्हणजे दहाचं नाणं, कुणी घेईना अशी वेळ होती. "हा बंद झाला", "याच्यावर दहा रेघा नाहीत, पंधरा आहेत", "रुपयाचं चिन्हच नाही". घरी बरणीभर साठले होते. शेवटी बायकोनं महालक्ष्मीच्या ओटीत ते वाटले.

कॅशकाउंटर
गल्लेवाला, दहाच्या नाण्याचं एकदाचं संपवू. २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं होतं की तोवर आलेले चौदाच्या चौदा नमुने चालू आहेत, चिन्हाचेही आणि बिनचिन्हाचेही. जुलै २०११ च्या आधीच्या नाण्यांवर रुपयाचं चिन्ह नव्हतंच, कारण चिन्हच नवं. बंद झाले ते पंचवीस पैसे आणि त्याखालचे, ३० जून २०११ पासून. आठाणे आजही चालू आहेत, पण द्यायला गेलात तर भांडण होईल.

आता गुरुजी, मूळ प्रश्नाकडे. मी चौतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली निम्मी कॅशला, तीही गावाकडच्या शाखांत. तुमची पद्धतच चुकते आहे. काउंटरवरून "चिल्लर द्या" म्हटलं की कॅशिअर हाताशी असलेली नवी पाकिटं देतो. शंभर नाण्यांचं पाकीट, त्यात शंभरही एकाच सालाची, एकाच टांकसाळीची, चकचकीत. ती उघडून तुम्ही काय शोधणार? एक बघितलं की शंभर बघितली. तुम्हाला हवी ती भरणा झालेली, म्हणजे लोकांनी आणून टाकलेली चिल्लर. देवस्थानाची, दूधवाल्याची, पीठगिरणीवाल्याची. ती मागायची. आणि खरं सांगू? ती नेणारा कुणी आला तर कॅशिअर चहा पाजेल. आमच्या स्ट्राँगरूमच्या कोपऱ्यात त्या थैल्यांना पाय लागून लागून नखं गेली आहेत.

खारपाणपट्टा
कॅशकाउंटर साहेब, हे माहीतच नव्हतं! आता कळलं की सुरुवातीच्या चार महिन्यांत मला २०१९ नंतरच्या धान्याच्या नक्षीचीच नाणी का मिळत होती. मला वाटायचं माझं नशीबच चकचकीत आहे.

एक विचारतो. परत भरायला नेली की खिडकीवरचा तरुण म्हणतो, "हजाराच्या वर घेता येत नाही, कायदा आहे." खरं का?

कॅशकाउंटर
अर्धं खरं. २०११ च्या नाणे कायद्यात म्हटलंय ते देण्याघेण्यासाठी. रुपया आणि वरची नाणी हजार रुपयांपर्यंत, आठाणे दहा रुपयांपर्यंत, याहून जास्त नाण्यांत पैसे घ्यायला तुम्ही कुणाला भाग पाडू शकत नाही. बँकेत खात्यावर भरायला अशी मर्यादा रिझर्व्ह बँकेनं घातलेली नाही. फक्त शंभराशंभरच्या पिशव्या बांधून न्या, वजनावर होतं, वाद मिटतो. आणि महिनाअखेरीला, पगार-पेन्शनच्या दिवशी नेऊ नका हो. तो पोरगा वाईट नसतो, त्याच्यामागे रांग असते.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या गावच्या बँकेत मी एकडाव पाचशेची चिल्लर नेली. बाई म्हने, "काऊन, देवीची परडी फोडली का?" तवापासून मी चिल्लर फकस्त पानटपरीवर देतो.

ओहायोकर_अमरावतीचा
बंदा_रुपया म्हणतात तो 'बाहेर देश' म्हणजे मी. राजापेठचा, आता ओहायोत. इथे बँकेत कागदात गुंडाळलेले नाण्यांचे रोल मिळतात. अर्ध्या डॉलरचा रोल वीस नाण्यांचा, म्हणजे दहा डॉलर. पूर्ण पेटी पन्नास रोलची, पाचशे डॉलर. १९६४ पर्यंतच्या अर्ध्या डॉलरमध्ये नव्वद टक्के चांदी, १९६५ ते १९७० मध्ये चाळीस टक्के. एकेक नाणं बघतही नाहीत. रोल उघडून कडा बघायच्या. नव्या अर्ध्या डॉलरच्या कडेला तांब्याची रेघ दिसते, जुन्या चांदीच्याला ती नसते. पांढरी कडा दिसली की छातीत धडधड.

पण खरं सांगतो, माझ्याआधी इथे हजारो लोकांनी त्याच पेट्या चाळल्यात. मी आठ महिने केलं. चांदीचे सात निघाले. एका बँकेतून पेटी उचलायची, दुसऱ्या बँकेत भरायची, कारण त्याच बँकेत भरली तर पुढच्या वेळी तोच उपसलेला माल आपल्याच गळ्यात. मग थंडीत गाडी काढायचा कंटाळा आला आणि थांबलो. तरी १९५८ पर्यंतच्या गव्हाच्या ओंब्यांच्या सेंटची एक बाटली भरली आहे. किंमत फार नाही. ती बघितली की मला आपला कणसाचा रुपया आठवतो, म्हणून ठेवली.

लालडबा
मी कंडक्टर, यवतमाळ विभाग, बावीस वर्षं झाली. गुरुजी, बँक कशाला? माझ्या बॅगेतून जेवढी नाणी गेली तेवढी तुमच्या तालुक्याच्या बँकेनं पाहिली नसतील. माझं पहिलं नाणं असंच सापडलं. आर्णीच्या पुढं एक म्हातारी चढली, पदराच्या गाठीतून एकेक रुपया काढून दिला. त्यात १९८५ चा एक होता, सालाखाली इंग्रजी एच. त्या साली आपल्या टांकसाळींना पुरं पडेना म्हणून सरकारनं बाहेरून रुपये पाडून आणले होते. एच म्हणजे बर्मिंगहॅमची हीटन टांकसाळ. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, एच म्हणजे हिंगणघाट असं वाटलं. 😄

रात्री डेपोत हिशोब भरायच्या आधी बॅगेतलं एखादं नाणं बदलून घ्यायचं, आपल्या खिशातला रुपया टाकून. एक रुपयाला एक रुपया, महामंडळाचं नुकसान शून्य. पण आता लोक फोननं पैसे देतात. बॅग हलकी झाली. खांदा सुखावला आणि छंद बुडाला.

शिवराई
एच म्हणजे हिंगणघाट! दोन मिनिटं हसलो. १९८५ मध्ये तसे दोन प्रकार बाहेरून आले. दुसरा वेल्समधल्या लँट्रिसंटच्या शाही टांकसाळीचा, त्यावर सालाच्या पहिल्या आकड्याखाली हिरा असतो. मुंबईचा हिरा सालाच्या मधोमध. नवशिके दोन्ही मुंबईचेच समजून एकाच डब्यात टाकतात. गुरुजी, तुमच्या विद्यार्थ्यांना भिंग द्या आणि हा फरक शोधायला लावा.

पळसफूल
मी दिग्रसकडची. विषय जरा बाजूला नेते.

आमच्या गावाला लागून तांडा आहे. तिथल्या एका आजीच्या काचळीवर आणि ओढणीच्या काठावर नाणी शिवलेली होती, पावल्या, आठाणे, भोकाचे तांब्याचे पैसे. मी लहान असताना मोजायचे, तर ती म्हणायची, मोजू नको, कमी होतात. दोन वर्षांपूर्वी ती गेली. सुनांनी ते कपडे ठेवले. मग शहरातून एकजण आला, म्हणाला वजनावर घेतो. सगळ्यांनी मिळून त्याला घालवला. पण मला विचारायचंय, अशी नाणी संग्रहाच्या दृष्टीनं कितीची असतात? विकायची नाहीत. पुढच्यानं फसवू नये म्हणून.

बंदा_रुपया
पळसफूल ताई, खरं सांगायचं तर व्यापाऱ्याच्या लेखी कमी. नाण्याला भोक पाडलं, कडी झाळली की किंमत उतरते, ते 'दागिन्यातलं' समजतात. चांदीची असतील तर धातूची किंमत तरी येते. पण तो वजनावर मागणारा धातूच्या भावातही बुडवायलाच आला होता. छान केलं घालवला ते. आणि तो तांब्याचा भोकाचा पैसा मुळातच भोकाचा असतो हं, १९४३ ते १९४७. लढाईत तांबं वाचवायला मधला भाग काढला होता. ते भोक कुणी पाडलेलं नाही.

शिवराई
बंदा_रुपया, बाजारभावाचं तुमचं बरोबर. पण ती ओढणी अख्खी, जशी आहे तशी, कुठल्याही सुट्या नाण्यापेक्षा मोलाची आहे. ताई, सुनांना सांगा, नाणी उसवू नका आणि कृपा करून पितांबरीनं घासू नका.

गल्लेवाला
पितांबरीनं काय होतं? मी तर दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाचे कलदार, म्हणजे जुने चांदीचे रुपये, चिंच-पितांबरीनंच चमकवतो.

बंदा_रुपया
अरे देवा.

शिवराई
गल्लेवाला भाऊ, तुमच्या कलदाराची किंमत तुम्ही दर दिवाळीला थोडी थोडी नालीत सोडता. जुन्या चांदीवर जी काळपट-निळसर छटा बसते तीच त्याच्या वयाची साक्ष. घासलं की बारीक चरे पडतात, भिंगाखाली लगेच कळतं. फार तर कोमट पाण्यात साबणाचा फेस, बोटानं हलकं, आणि टिपून कोरडं. प्लास्टिकच्या मऊ पिशवीतही ठेवू नका, वर्षा-दोन वर्षांत हिरवा चिकट थर धरतो.

गल्लेवाला
माझी आई म्हणेल लक्ष्मी काळी ठेवायची का? तिला तुम्ही समजवा. नंबर देऊ?

वऱ्हाडी_ठेचा
काकूईले समजवाले गेले तर शिवराई काका स्वतः चमकून येतीन.

नाव_नको
माझं ऐका म्हणजे 'विकत घेणं' म्हणजे काय ते कळेल. किंवा विकणं.

माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं होतं. मोबाईलवर जाहिरात दिसली की यासाठी लाखो मिळतात. फोन केला. समोरचा फार गोड बोलला, रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र पाठवलं. नोंदणीचे साडेसातशे, मग 'कर' म्हणून चार हजार, मग 'फाईल' पुढं सरकवायला सहा. सोयाबीनचे पैसे आले होते, दिले. नंतर नंबर बंद. नाणं अजून घरात आहे. देवीचं आहे म्हणून फेकवत नाही, नाहीतर डोळ्यांसमोर नको होतं.

कॅशकाउंटर
नाव_नको भाऊ, वाईट वाटलं. हे सांगायची लाज वाटून लोक गप्प राहतात, तुम्ही सांगितलंत ते बरं केलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं याच फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं. बँक जुन्या नाण्यांचा असा व्यवहार करत नाही, कमिशन घेत नाही, कुणाला तसं नेमलेलंही नाही. वैष्णोदेवीची नाणी २०१२ ची, चलनात भरपूर आली. माझ्या ड्रॉवरमधून किती गेली असतील!

शिवराई
याच माळेतला दुसरा मणी म्हणजे रामदरबाराचं 'ईस्ट इंडिया कंपनीचं' तांब्याचं नाणं, १६१६, १७१७ किंवा १८१८ सालाचं. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलेलं नाही. ते देवळाबाहेर मिळणारे टोकन, साल मनाला येईल ते. आणि तिसरा, 'तांदूळ ओढणारं नाणं', म्हणजे चुंबकासारखं तांदूळ ओढतं असं सांगून विकतात ते. आपल्या भागात चांगले शिकलेले लोकही यात शेत गहाण टाकून बसलेत. कुठलंही नाणं तांदूळ ओढत नाही.

लालडबा
तांदूळ ओढायला मुंग्या पुरतात.

चुंबकावरून आठवलं. वर्धेच्या पुलावर पोट्टी दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडतात. गाडीतून लोक नदीला नमस्कार करून नाणी टाकतात ना, ती ओढायची. एकाला विचारलं काय मिळतं, तर म्हणे रुपये-दोन रुपयेच येतात, पाचाचा जुना जाडा ठोकळा कधीच येत नाही, तो नदी ठेवून घेते.

शिवराई
नदी नाही ठेवून घेत, चुंबक सोडून देतो. 😊 १९९२ नंतरचा रुपया स्टीलचा, चिकटतो. पाचाचा जुना ठोकळा आणि अकरा कोनांचा जुना दोन रुपया तांबं-निकेलचा, चिकटत नाही. पुलाखाली गाळात त्यांचा खच असणार.

याचा घरी उपयोग करा. जॉर्ज सहाव्याचा १९४७ चा वाघाचा रुपया बाजारात 'चांदीचा' म्हणून गळ्यात मारतात. चुंबक लावा. तो शुद्ध निकेलचा आहे, टपकन चिकटतो. चांदी चिकटत नाही. उलट व्हिक्टोरियाचा म्हणून दिलेला रुपया चिकटला तर तिथून चालते व्हा. तराजूही ठेवा, खरा कलदार कोरा असेल तर ११.६६ ग्रॅम, घासून थोडा कमी भरेल.

खारपाणपट्टा
धागा कुठून कुठे गेला, पण मजा येते आहे. शिवराई काका, तुमचा आयडीच जुन्या तांब्याच्या नाण्याचा, म्हणून विचारतो, आपल्या विदर्भातली जुनी नाणी शेतात सापडतात असं ऐकतो. आमच्या गावातही नांगरटीत एकाला तांब्याचे पैसे मिळाले होते.

शिवराई
सापडतात, आणि कधी इतिहासच बदलतात. वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांचा हजारावर नाण्यांचा साठा निघाला. पोटीन म्हणजे मिश्रधातूची साधी काळी नाणी, बघून कुणी उचललीही नसती. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती वाचली, तर पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावं हाती लागली. विचार करा, राजाचा पुरावा फक्त चिल्लरीत उरलेला! मुघलांच्या काळात आपल्या एलिचपूरला, म्हणजे अचलपूरला, तांब्याची नाणी पाडत. नागपूरकर भोसल्यांचे रुपये तर होतेच. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, सवड काढून जा.

पण शेतातला साठा घरी ठेवू नका. १८७८ चा निखात निधी कायदा आजही आहे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा मिळाला तर कलेक्टरला कळवावं लागतं. तऱ्हाळ्याची नाणी वितळवली असती तर ते राजे कायमचे गेले असते.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या वावरात नांगराले फकस्त दगड लागतात. कलेक्टरले कळवू का?

माया_वर्धा
मूळ विषयावर माझे दोन पैसे (नवे). १९५७ च्या एप्रिलपासूनचे. 😀

मी कॉलेजात शिकते, हातात पैसा नाही, म्हणून शोधते. मैत्रिणींच्या घरचे डबे, मेसवाल्या काकूंची बरणी, पोळ्याला लहान पोरांना मिळालेल्या बोजाऱ्याच्या मुठी. मला ज्ञानेश्वर माउलींचा १९९९ चा रुपया, त्याच सालचा शिवाजी महाराजांचा दोनचा, रेल्वेच्या दीडशे वर्षांचा भोलू हत्तीचा, सगळे असेच मिळाले. टिळकांचा पाचाचा मेसच्या बरणीत होता.

पण एक नाणं कधीच मिळालं नाही, बाबासाहेबांचा १९९० चा रुपया. शोधून शोधून थकले. मग लक्षात आलं, आमच्याच घरी तो बुद्धाच्या फोटोखाली आहे, आजोबांनी ठेवलेला. मावशीकडे आहे. शेजारी आहे. ज्याच्या हाती आला त्यानं तो परत बाजारात सोडलाच नाही, मग चिल्लरीत येणार कुठून? शेवटी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या बाहेर चादरीवर नाणी मांडून बसलेल्या काकांकडून वीस रुपयांना घेतला. त्याचं वाईट वाटलं नाही. घरचा उचलला असता तर वाटलं असतं.

कॅशकाउंटर
पोरी, फार नेमकं बोललीस. कॅशला बसून मीही हेच बघितलं, लोकांना आवडलेलं नाणं एकदा काउंटरबाहेर गेलं की परत येत नाही.

बंदा_रुपया
माया, मान्य. पण मग माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? काही नाणी विकतच घ्यावी लागतात.

आणि आता एक कबुली देतो. सतरा वर्षांत मी जे घेतलं त्यातलं बहुतेक कुठून, कुणाकडून, कितीला घेतलं ते वहीत बघावं लागतं. कंडक्टर साहेबांना मात्र आर्णीची म्हातारी तोंडपाठ आहे. हे मला काल रात्रीपासून टोचतंय. तरीही घासलेलं नाणं मी अल्बममध्ये लावणार नाही, ते सोडा.

लालडबा
म्हातारीनं वर तिळाचा लाडूही दिला होता. तो वहीत नाही लिहिता येत.

ओहायोकर_अमरावतीचा
मला तर वाटतं दोघं दोन वेगळे छंद करता आणि एका नावानं भांडता. इथेही हेच चालतं. शोधणाऱ्याला खूण ओळखायची सवय लागते, विकत घेणाऱ्याला दर्जा ओळखायची. पण शोधायची सवय लागल्यावर विकत घ्यायला गेलात तर फसण्याची शक्यता कमी, एवढं नक्की. हजारो खरी नाणी हाताखालून गेली की खोटं बोटालाच कळतं. मी उलट केलं होतं, आधी विकत घेतलं, मग शिकलो. त्यात १९३९ चा मुंबईचा रुपया घेतला होता. जाणकारांना कळलंच असेल.

शिवराई
कळलं. 😔 सगळ्यात जास्त नकला त्याच्याच. इतरांसाठी सांगतो, जुन्या चांदीतला तो शेवटचा रुपया, फार दुर्मीळ. दुसऱ्या सालाच्या रुपयावर आकडा कोरून १९३९ करतात.

खारपाणपट्टा
आठवडाभर दिसलो नाही कारण शाळेत चाचण्या होत्या. अहवाल देतो.

कॅशकाउंटर साहेबांचं ऐकून या शनिवारी बँकेत 'भरण्याची चिल्लर' मागितली. कॅशिअर खुर्चीवरून उठून उभा राहिला. चहा नाही पाजला, पण थैली स्वतः गाडीपर्यंत आणून दिली! दोन हजार रुपयांत पहिल्यांदाच एकेका मुठीत दहा-दहा सालं दिसली. रविवारी पाचवीची सात पोरं घरी आली, त्यांना भिंग दिलं. ती माझ्यापेक्षा वेगानं खुणा सांगतात. डोळे तरुण आहेत. एकानं विचारलं, "सर, ठिपका पुसून गेला तर नोएडाचा कोलकात्याचा होतो का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

नऊपैकी तीन घरं भरली. सौ.नं पेट्रोलचा विषय काढला नाही, कारण पोरांना पोहे करण्यात ती गुंतली होती, आणि दोन नाणी तिनंच शोधली.

गावातल्या मारुतीच्या देवस्थानाची दानपेटी वर्षातून एकदा हनुमान जयंतीनंतर उघडतात. पंचांना म्हटलं, मोजायला मी आणि पोरं येतो, हवी ती नाणी नोटा देऊन घेतो, पावती फाडा. लगेच हो म्हणाले. मोजायला कुणी तयारच नसतं म्हणे.

उरलेल्या सहांचं काय करावं? बंदा_रुपया साहेब, अकोल्याच्या बरणीत त्यातली चार आहेत. मन अजून होत नाही.

बंदा_रुपया
गुरुजी, विकत घेऊ नका. (हे मी लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाही.) माझ्याकडे ठिपक्याच्या रुपयांची जोडी जोडी आहे. तुमच्याकडे पोरांनी काढलेले माउलींचे रुपये जास्तीचे असतील तर अदलाबदल करू. पैशाचा व्यवहार नको.

खारपाणपट्टा
चार आहेत. एक तर अगदी तुमच्या अल्बममध्ये बसेल असा, कान-नाक शाबूत. मूर्तिजापूर आपल्या दोघांनाही सोयीचं. स्टँडवर रविवारी अकराला?

बंदा_रुपया
पक्कं. भिंग मी आणतो.

वऱ्हाडी_ठेचा
चहा पेल्यावर च्यावाल्याचा गल्ला पयले कोन चाळनार, थे आत्ताच ठरवून घ्या. मंग भांडसान.